डब्याची किल्ली

कोणत्याहि शोधाचा इतिहास लिहितांना आपण तो बहुधा शोध लावणाराच्या बाजूनें लिहितों. वापरणाराच्या बाजूनें लिहीत नाहीं. डबाबंद अन्नाचा इतिहास याला अपवाद नाहीं. अन्न नासूं न देतां वर्षानुवर्षें कसें टिकवितां आलें, तें कोणीं टिकविलें, त्याबद्दल त्याला बक्षीस काय मिळालें, ही हकीकत अनेक ग्रंथांत सांपडते. परंतु तो डबा हातीं आल्यावर भुकेल्या माणसानें तो उघडला कसा, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक पाहतां, डबा बंद करण्याची विद्या हस्तगत झाल्यावर तो सहज उघडण्याची विद्या हातीं येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. हें अंतर ज्या वस्तूंनीं कमी केलें, त्यांत डब्यालाच चिकटवून दिलेल्या बोटभर लांबीच्या एका किल्लीला मानाचें स्थान दिलें पाहिजे. वस्तु क्षुल्लक आहे. पण तिच्या मागें असलेला विचार क्षुल्लक नाहीं. म्हणून तिची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

फ्रान्समध्यें निकोला अपेर नांवाचा एक हलवाई होता. अन्न कांचेच्या रुंद तोंडाच्या बाटलींत भरावें, बूच घट्ट बसवावें आणि ती बाटली उकळत्या पाण्यांत ठराविक वेळ ठेवावी, म्हणजे आंतील अन्न नासत नाहीं, असें त्यानें अनेक वर्षांच्या प्रयोगांनीं सिद्ध केलें. आपली कृति पुस्तकरूपानें प्रसिद्ध करावी या अटीवर फ्रेंच सरकारनें १८१० सालीं त्याला १२,००० फ्रँकांचें बक्षीस दिलें, आणि त्याच वर्षीं तें पुस्तक छापून निघालें. अन्न कां नासत नाहीं हें मात्र अपेरला ठाऊक नव्हतें. सूक्ष्म जंतूंचें त्यांतील कार्य पाश्चरनें उलगडून दाखविलें तें सुमारें पन्नास वर्षांनंतर. त्याच १८१० च्या ऑगस्ट महिन्यांत पीटर ड्युरँड यानें असल्याच कृतीचें पेटंट इंग्लंडांत घेतलें, व त्यांत कांचेच्या आणि मातीच्या पात्रांबरोबर कल्हईच्या पत्र्याच्या पात्राचाहि उल्लेख केला. पुढें हें पेटंट ब्रायन डाँकिन व त्याचे भागीदार यांच्या हातीं गेलें, आणि १८१३ च्या सुमारास लंडनच्या बर्मंडसी भागांतील त्यांच्या कारखान्यांतून ब्रिटिश आरमाराला डबे मिळूं लागले.

हा कल्हईचा पत्रा म्हणजे लोखंडाचाच पत्रा, त्यावर दोहों बाजूंनीं कथलाचा लेप दिलेला. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकूं नये म्हणून आपण त्यांना कल्हई करून घेत आलों. लोखंडाला गंज चढूं नये व अन्नाशीं त्याचा संबंध येऊं नये, म्हणून तिकडे पत्र्याला कथील लावीत. तत्त्व एकच. फरक इतकाच कीं, घरच्या भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला पुन्हां दारावर येतो. डब्याच्या आंतील लेप मात्र एकदां डबा बंद झाला म्हणजे कायमचा डोळ्यांआड गेला. त्याला धक्का लागतां कामा नये, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें किल्लीच्या प्रकरणांत तिचें काम पडणार आहे.

डबा तयार झाला, जहाजावर चढला, देशोदेशीं गेला. पण तो उघडावयाचा कसा, याचा विचार कारखानदारानें केलाच नव्हता. १८२४ सालीं विल्यम पॅरी याच्या नेतृत्वाखालीं उत्तर ध्रुवप्रदेशांत जी सफर गेली, तिच्या सामानांतील वासराच्या मांसाच्या एका डब्यावर वापरणाराला एक सूचना दिलेली होती. तिचा आशय असा कीं, छिन्नी आणि हातोडा घेऊन डबा वरच्या अंगास गोलाकार कापावा. आज ही सूचना वाचून हंसूं येतें. परंतु त्या काळच्या जाड पत्र्याला दुसरा उपायच नव्हता. शिपाई संगीन वापरी, खलाशी आपला सुरा वापरी. आपल्या भाषेंत नारळ फोडतात आणि पेटी उघडतात. या न्यायानें पाहिलें तर पहिल्या पन्नास वर्षांत डबा कोणी उघडीत नव्हतें. सर्व जण तो फोडीत होते.

ही स्थिति इतकीं वर्षें चालली याचें कारण गिऱ्हाइकांत आहे. आरंभीं डबे विकत घेणारीं गिऱ्हाइकें म्हणजे आरमार, लष्कर आणि दूरच्या सफरी. त्यांच्यापाशीं हत्यारें असत, सुतार-लोहार असत, आणि हुकूम मानणारीं माणसें असत. डबा उघडतांना एखाद्या खलाशाचा हात कापला, तर ती तक्रार लंडनच्या कारखान्यापर्यंत पोंचण्याचें कारण नव्हतें. विकत घेणारा एक आणि उघडणारा दुसरा, अशी जेथें वांटणी असते, तेथें उघडणाराच्या सोयीकडे सहसा कोणी पाहत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पत्रा पातळ झाला, डबे स्वस्त झाले आणि ते गृहस्थांच्या घरांत शिरले. तेव्हां प्रथम उघडण्याचा प्रश्न उभा राहिला. १८५५ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट येट्स यानें नखासारखें पातें असलेलें एक हत्यार काढलें. १८५८ सालीं अमेरिकेंतील कनेटिकट संस्थानच्या एझ्रा वॉर्नर यानें आपल्या उघडणीचें पेटंट घेतलें. तिचें पातें असें कांहीं भयंकर होतें कीं, यादवी युद्धांत लष्करानें ती वापरली तरी घरच्या बायामाणसांच्या हातीं ती देण्यास लोक धजत नसत. वाणीच दुकानांत डबा उघडून गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करी, असें सांगतात. म्हणजे जो डबा महिनोन्महिने बंद राहण्यासाठीं केला, तो घरीं पोंचण्यापूर्वींच उघडा पडे! १८७० सालीं विल्यम लायमन यानें डब्याच्या कांठावरून फिरणाऱ्या चाकाची उघडणी काढली आणि पुढें तिच्यांत सुधारणा होत गेल्या. परंतु या साऱ्या हत्यारांत एक उणीव समान होती. हत्यार घरीं आणि डबा प्रवासांत, अशी ताटातूट झाली कीं सारेंच फुकट. जेरोम के. जेरोम याच्या ‘थ्री मेन इन ए बोट’ या १८८९ च्या विनोदी पुस्तकांत तीन मित्रांची आणि अननसाच्या डब्याची जी झटापट वर्णिली आहे, ती अनेक वाचकांस आठवत असेल. चाकू मोडतो, कात्री उडते, डबा ठोकून ठोकून ओळखूं येईनासा होतो, आणि अखेर तो न उघडतांच नदींत फेकला जातो. त्या काळच्या वाचकांना तो प्रसंग अपरिचित नसावा, म्हणूनच त्यांना हंसूं आलें असेल.

या अडचणीवरचा खरा उपाय पुस्तकाच्या आधींच, १८६६ सालीं, सुचलेला होता. त्या वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्कच्या जे. ऑस्टरहाउट या गृहस्थानें किल्लीनें उघडणाऱ्या डब्याचें पेटंट घेतलें. कल्पना साधी पण मूलगामी होती. आजवर सर्वांनीं हत्यार तीक्ष्ण करण्याकडे लक्ष पुरविलें होतें. येथें हत्यार बोथट ठेवून डबाच उघडण्याजोगा करावयाचा होता. डब्यानें कोठें फाटावें हें कारखान्यांतच ठरवून ठेवावयाचें, आणि वापरणारानें केवळ तें फाडणें पुरें करावयाचें.

ही युक्ति पुढें दोन रूपांनीं रूढ झाली. पहिल्या रूपांत सबंध झांकणच किल्लीवर गुंडाळलें जातें. चपट्या, लांबट माशांच्या डब्यांना ही तऱ्हा सोयीची. दुसऱ्या रूपांत डब्याच्या अंगाभोंवतीं, थोड्या अंतरावर, दोन समांतर चिरा दाबून काढलेल्या असतात. त्या पत्र्याच्या आरपार जात नाहींत. तेवढ्या जागीं पत्रा पातळ मात्र होतो. त्या दोन चिरांमधील पट्टीचें एक टोंक जिभेसारखें बाहेर काढून ठेवलेलें असतें. किल्ली म्हणजे जाड तारेचा किंवा पत्र्याचा एक दांडा. एका टोंकास बोटांत धरण्याजोगें कडें, आणि दुसऱ्या टोंकास सुईच्या नेढ्यासारखी एक फट. त्या नेढ्यांत जीभ ओंवावयाची आणि किल्ली फिरवावयाची. पट्टी चिरांवरून फाटत येते, किल्लीभोंवतीं घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळते, आणि एक फेरा पुरा झाला कीं डब्याचे दोन भाग होतात.

आपण मराठींत कुलपाच्याहि साधनाला किल्ली म्हणतों आणि घड्याळाच्याहि. कुलपाची किल्ली उघडते आणि लावतेहि. घड्याळाची किल्ली रोज फिरवावी लागते. डब्याची किल्ली रूपानें घड्याळाच्या किल्लीच्या जवळची, कारण तिचें काम गुंडाळण्याचें. आणि नांव मात्र कुलपाच्या किल्लीचें. पण तिचें आयुष्य दोघींहून निराळें आहे. ती एकदांच उघडते, आणि उघडल्यावर ज्या पट्टीला तिनें फाडलें त्या पट्टीसह टाकून दिली जाते.

आतां खरा बिकट प्रश्न आला. ही किल्ली डब्याबरोबर पाठवावयाची कशी? सुटी दिली तर ती हरवणार, आणि वाण्याच्या फळीवर डबे एकीकडे व किल्ल्या एकीकडे अशी स्थिति होणार. तेव्हां ती डब्यालाच जोडली पाहिजे. पण जोडावी तर कशी? भोंक पाडून बसवावी, तर डब्यांत हवा शिरेल आणि अपेरच्या साऱ्या विद्येवर पाणी पडेल. पत्रा फार तापवून जोडावी, तर आंतील लेपास इजा व्हावयाची. कारण कथील हा धातु २३२ अंश सेंटिग्रेडलाच वितळतो. जोड फार पक्का केला, तर ज्याच्यापाशीं हत्यार नाहीं त्याच्यासाठीं केलेली किल्ली काढण्यासच हत्यार लागेल. आणि फार कच्चा केला, तर रेल्वेच्या धक्क्यांत व जहाजाच्या हेलकाव्यांत ती गळून पडेल. म्हणजे हजारों कोसांचा प्रवास सोसण्याइतका बळकट, आणि दोन बोटांनीं इकडे-तिकडे वांकविला असतां सुटण्याइतका नाजूक, असा तो जोड हवा.

यावर तोडगा निघाला तो असा कीं, किल्ली सबंध लांबीनें न चिकटवितां एकाच ठिपक्याएवढ्या जागीं चिकटवावी. डाख देऊन अथवा विजेच्या प्रवाहानें क्षणभर तेवढीच जागा तापवून, ती झांकणावर किंवा बुडावर बसवीत. जोड एकाच जागीं असल्यामुळें तो सरळ ओढीला दाद देत नाहीं. पण किल्लीचें मोकळें टोंक उचलून मागें-पुढें केलें कीं तरफेच्या न्यायानें तो तुटतो. ज्या कारागिरांनीं डाखाचें हें प्रमाण बसविलें, त्यांचीं नांवें इतिहासांत सहसा आढळत नाहींत. परंतु जोड घट्ट करणें हें ज्या धंद्याचें आजवरचें सारें कौशल्य, त्या धंद्यानें येथें प्रथमच जाणूनबुजून सुटणारा जोड करण्याची कला साधली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

किल्लीचा डबा सर्वत्र पसरला नाहीं. कांहीं ठराविक पदार्थांपाशींच तो स्थिर झाला, आणि त्यालाहि कारणें आहेत. वाटोळ्या डब्याच्या कांठावरून उघडणीचें चाक सुखानें फिरतें. कोपऱ्यांपाशीं तें अडतें. शिवाय मासे चुरडूं नयेत, मांसाचा ठोकळा अखंड निघावा, अशी जेथें अपेक्षा असे तेथें सबंध झांकण किंवा सबंध अंग मोकळें करणें भाग होतें. शिकागो शहरांत १८७५ च्या सुमारास विल्सन व लिबी यांनीं खारवलेल्या गोमांसासाठीं एका बाजूस निमुळता होत जाणारा चौकोनी डबा प्रचारांत आणला. पुढें रुंद बाजूजवळची पट्टी किल्लीनें काढावयाची आणि डबा पालथा करावयाचा, कीं आंतील ठोकळा साच्यांतून निघावा तसा घसरून बाहेर येई. नॉर्वेमधील स्टॅव्हेंजर हें बंदर तर लहान माशांच्या डब्यांवरच पोसलें गेलें. तेथें त्या धंद्याचें संग्रहालय आहे, आणि डब्यावरील चिठ्ठीला जो तेथील बोलींत शब्द आहे, त्यावरून त्या गांवच्या लोकांना टोपणनांव पडलें आहे. अमेरिकेंत हवा काढून घेतलेल्या कॉफीच्या डब्यांना विसाव्या शतकांत किल्ली आली, ती आणखी एका कारणासाठीं: पट्टी निघाल्यावर वरचा भाग पुन्हां झांकणासारखा बसवितां येई, आणि कॉफी कांहीं दिवस पुरवून वापरतां येई.

या किल्लीचे दोषहि सांगितले पाहिजेत. पट्टी तिरपी फाटूं लागली कीं ती निमुळती होत होत अर्ध्यावरच तुटे, आणि मग ना झांकलेला ना उघडलेला असा डबा हातांत राही. पट्टीच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असत. गुंडाळलेली पट्टी स्प्रिंगसारखी उसळून बोट कापणें ही नित्याची गोष्ट. ज्यांचीं बोटें वृद्धपणानें किंवा संधिवातानें ताठरलीं आहेत, त्यांना तें कडें फिरविणेंहि कष्टाचें होई. आणि जोड कितीहि विचारानें केलेला असला, तरी एखादा डबा किल्लीवांचून हातीं येई. मग जीभ सांडशीनें धरून ओढणें, किंवा पुन्हां छिन्नी-हातोड्याकडे वळणें, एवढेंच उरे.

या साधनाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. अमेरिकन सैन्याच्या ‘सी’ शिध्याचे डबे पत्र्याचे होते. त्यांच्या अंगाला फाडावयाची पट्टी होती आणि बुडाला किल्ली डाखानें जोडलेली होती. खंदकांत बसलेल्या, थंडीनें हात बधिर झालेल्या शिपायाला दुसरें हत्यार शोधावें लागूं नये, हा त्यांतील हेतु. पॅरीच्या खलाशाला छिन्नी आणि हातोडा आणावयास सांगणाऱ्या सूचनेपासून येथवर सव्वाशें वर्षांच्या आंतबाहेरचा काळ गेला होता. परंतु दृष्टींत जो पालट झाला तो वर्षांनीं मोजण्यासारखा नाहीं. उघडणारा मनुष्य कारखानदाराच्या विचारांत आला होता.

परंतु प्रत्येक डब्याला पट्टी व किल्ली देणें म्हणजे प्रत्येक डब्यामागें जादा धातु, जादा यंत्र व जादा मजुरी. १९४२ सालीं शिकागो येथील लष्करी प्रयोगशाळेंत दीड इंच लांबीची एक चपटी, घडी होणारी उघडणी तयार झाली. ‘पी-३८’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. ती पुनःपुन्हां वापरतां येत असल्यामुळें डब्यावरील किल्लीची गरज उरली नाहीं. शिपाई ती आपल्या ओळखपट्टीच्या सांखळींत अडकवून ठेवीत. डब्याच्या बुडाशीं जोडलेली किल्ली अशा रीतीनें शिपायाच्या गळ्यांत आली. काटकसर झाली खरी. पण किल्ली जपण्याची जबाबदारीहि पुन्हां उघडणाराच्याच माथीं आली.

या वादाचा निकाल लागला तो अन्नाच्या डब्यावर नव्हे, पेयाच्या डब्यावर. ओहायो संस्थानांतील डेटन गांवचा अर्मल फ्रेझ हा १९५९ सालीं सहलीस गेला असतां उघडणी घरीं विसरला, आणि मोटारीच्या पुढच्या दांडीवर डबा ठोकून त्याला तो उघडावा लागला, अशी हकीकत सांगितली जाते. जेरोमच्या तिघां मित्रांचीच ही पुनरावृत्ति. फरक इतकाच कीं, फ्रेझ हा यंत्रविद्येंत वाकबगार होता. त्यानें ओढावयाची कडी झांकणावरच बसविली. भोंक न पाडतां ती बसविण्याचा जुना पेंच त्यानें मोठ्या चातुर्यानें सोडविला. झांकणाच्याच पत्र्याचा एक लहानसा उंचवटा दाबून वर काढावयाचा, कडी त्यांत अडकवावयाची, आणि तोच उंचवटा रिव्हेटासारखा चपटा करावयाचा. ना भोंक, ना डाख, ना उष्णता. १९६३ सालीं त्याला पेटंट मिळालें. पुढें याच तत्त्वावर अन्नाच्या डब्यांचीं सबंध निघणारीं झांकणें होऊं लागलीं आणि बहुतेक ठिकाणांहून किल्ली नाहींशी झाली.

तरी एक त्रुटि राहिलीच. पेयाच्या डब्याची कडी ओढल्यावर सुटून हातांत येई आणि लोक ती रस्त्यावर व समुद्रकिनाऱ्यावर टाकून देत. अनवाणी चालणारांचे पाय तिनें कापूं लागले. १९७५ सालीं डॅनियल कडझिक यानें काढलेली, उघडल्यानंतरहि डब्यालाच लटकून राहणारी कडी प्रचारांत आली, तेव्हां कोठें तो उपद्रव थांबला. किल्लीच्या काळीं सारें कौशल्य सुटणारा जोड करण्यांत होतें. आतां तें न सुटणारा जोड करण्यांत आलें. पहिल्या वेळीं उघडणाराचा विचार झाला होता. या वेळीं ज्याचा त्या डब्याशीं कांहींहि संबंध नाहीं, अशा वाटसराचाहि विचार झाला.

अपेरचें नांव शास्त्राच्या इतिहासांत योग्यच मोठें आहे. परंतु त्याच्या शोधाचें फळ भुकेल्याच्या मुखीं सुखरूप पडावें, यासाठीं आणखी दीडशें वर्षें अनेकांनीं जे प्रयत्न केले, तेहि त्याच इतिहासाचा भाग होत. वस्तु तयार करून विकली कीं करणाराचें कर्तव्य संपलें, अशी समजूत त्या काळीं होती आणि आजहि ती पुष्कळ ठिकाणीं आढळते. तें कर्तव्य वापरणाराच्या हातापर्यंत पोंचतें, हा विचार एका ठिपक्याएवढ्या डाखानें चिकटविलेल्या किल्लीनें कारखानदारांना शिकविला. त्या शिकवणीसाठीं तिची आठवण ठेवणें उचित आहे.